वजन जास्त असलं की कोविडमध्ये सीआरपी, फेरिटिन जास्त येतात का?

मुळामुठा

घर बदलतोय, त्यामुळे जुन्या फायली चाळणं चालू आहे. त्यात एप्रिल-मे २०२१ चे सगळे रिपोर्ट हाती लागले. तेव्हा आमच्याकडे नवरा आणि भाऊजी एकाच आठवड्यात पॉझिटिव्ह आले होते. नवरा अंगाने भरलेला, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३१ च्या आसपास. भाऊजी काटकुळे.

नवऱ्याचा सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारा आकडा) ९६, फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा आकडा, दाहात तोही वाढतो) ८४०. भाऊजींचा सीआरपी १८, फेरिटिन २१०. डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांशी संबंधित आकडा) मात्र दोघांचा जवळजवळ सारखा. एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा, स्कोर पंचवीसपैकी नवऱ्याचा ९, भाऊजींचा ८, म्हणजे छातीत फार फरक नव्हता. राउंडला येणारे डॉक्टर "वजन आहे ना, मार्कर वर जाणारच" एवढं म्हणून पुढच्या बेडकडे जायचे. त्यांना दोष नाही देत, तेव्हा बोलायला वेळ कोणाकडे होता?

पण आता निवांतपणे विचारते. वजनामुळे हे आकडे नुसतेच फुगतात, की वजनदार माणसाला आजारच खरोखर जास्त होतो? दोघेही आता ठणठणीत आहेत, त्यामुळे काळजीचं काही नाही.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या अकोल्यात तर तवा लोक दहावीच्या मार्कावाणी स्कोर इचारत. "तुह्या काकाले किती?" "पंचवीसपैकी अकरा." "मंग काठावर पास हाये!"

लॅबोबा

ताई, आधी दोन गोष्टी सांगा. दोघांचे रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का, आणि आकड्यापुढं एकक काय छापलंय?

विचारायचं कारण असं. सीआरपी काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. दहापटीचा फरक पडतो. त्या काळात मी सांगलीत काउंटरला असायचो. एका ठिकाणचा ८० चा रिपोर्ट आणि दुसऱ्या ठिकाणचा ८ चा रिपोर्ट शेजारी ठेवून "उतार पडला की हो!" म्हणून खूश होणारी माणसं रोज बघितली. खरं तर दोन्ही एकच. डी-डायमरचा घोळ त्याहून मोठा. कुठं ५०० च्या खाली नॉर्मल, कुठं ०.५ च्या खाली, आणि काही यंत्रांवर २५० च्या खाली, कारण मोजायची पद्धतच वेगळी. नातेवाईक फोनवर नुसता आकडा सांगायचे, एकक कुणीच सांगायचं नाही.

स्टेथो

लॅबोबांना अनुमोदन. एकक बघितल्याशिवाय कुठलीच तुलना करू नये.

आता मूळ प्रश्न. दोन्ही खरं आहे, पण दोन्हीचा वाटा सारखा नाही.

पोटाच्या आत, आतड्यांभोवती जी चरबी असते ती नुसती साठवण नव्हे. तिच्यात रोगप्रतिकारक पेशी ठाण मांडून बसतात आणि आयएल-६, टीएनएफ अशी दाह वाढवणारी रसायनं सतत थोडी थोडी सोडत राहतात. निरोगी माणसाच्या रक्तातल्या आयएल-६ पैकी साधारण तिसरा हिस्सा चरबीतून येतो असा अंदाज आहे. हे आयएल-६ यकृतापर्यंत पोचलं की यकृत सीआरपी तयार करतं. त्यामुळे सडपातळ माणसाचा सीआरपी १ च्या खाली असतो तिथं स्थूल माणसाचा, काहीही झालेलं नसताना, ३, ५, ८ असू शकतो. हा झाला फुगवटा.

पण तो एवढाच. नुसत्या वजनाने सीआरपी सहसा १० च्या आसपासच थांबतो. ९६ मधले नव्वदएक तरी विषाणूचे आणि विषाणूवर शरीराने काढलेल्या रागाचे. मुद्दा असा की आधीच कोमट असलेलं दूध लवकर उतू जातं. प्रतिकारयंत्रणा अर्धी जागी असताना विषाणू आला तर ती जास्त जोरात पेटते.

शिवाय श्वासाचा साधा हिशोब आहेच. पोट मोठं असेल तर आडवं झाल्यावर श्वासपटल वर ढकललं जातं, फुफ्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही, ऑक्सिजन लवकर खाली येतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हा विषाणू थेट चरबीच्या ऊतीतही शिरतो आणि तिथं दाह पेटवतो असं दिसलं. तेव्हा चरबी नुसती बघ्याच्या भूमिकेत नव्हती.

मुळामुठा

लॅब एकच, एकक दोघांचं मिलिग्रॅम प्रति लिटर. स्टेथो, मनापासून आभार, इतकं सविस्तर पहिल्यांदा कोणी सांगितलं. पण मग डी-डायमर सारखा कसा? चरबीने तोही वाढायला नको का?

आकडेमोड

त्याआधी माझा एक प्रश्न. दोघांचं रक्त आजाराच्या कितव्या दिवशी घेतलं?

मुळामुठा

नवऱ्याने आधी "साधा ताप आहे" म्हणून अंगावर काढलं. त्याचं रक्त दुसऱ्या आठवड्यात, ॲडमिट झाल्यावर गेलं. तोवर भाऊजी सावध झाले होते, त्यांचं ताप आल्याआल्याच. स्कोर मात्र दोघांचा नंतर एकाच दिवशी काढला.

आकडेमोड

मग तुमची ही तुलना इथंच संपते. वजन राहिलं बाजूला! कोविडमध्ये सीआरपी बहुतेक वेळा पहिल्या आठवड्याच्या शेवटी किंवा दुसऱ्या आठवड्यात चढतो. भाऊजींचा १८ हा चढाच्या पायथ्याचा आकडा, नवऱ्याचा ९६ माथ्याजवळचा.

स्टेथोंची दुधाची उपमा चांगली आहे, पण ज्वाला किती मोठी होती तेही बघायला हवं. जास्त वजनाच्या माणसाला बऱ्याचदा मधुमेह असतो, रक्तदाब असतो, यकृतात चरबी असते. या तिन्ही गोष्टी सीआरपी आणि फेरिटिन आपापल्या परीने हलवतात. मग श्रेय वजनाला द्यायचं की शुगरला?

आणखी एक. वजन आणि या मार्करच्या (रक्तातल्या आकड्यांच्या) नात्याचे बहुतेक अभ्यास रुग्णालयात दाखल झालेल्यांचे. दाखल कोण होतं? एक तर वजन जास्त असलेला तरुण, नाहीतर किडनी-हृदयाचं दुखणं असलेला बारीक म्हातारा. या दोघांच्या रक्ताची तुलना करून वजनाबद्दल निष्कर्ष काढायचा म्हणजे अवघड आहे. त्यात ऑक्सिजन लावलेल्या माणसाला काट्यावर उभं कोण करणार? केसपेपरवर "अंदाजे ८०" असं लिहिलेलं असायचं. त्या अंदाजावर बीएमआय काढायचा आणि दशांश चिन्हापर्यंत निष्कर्ष छापायचे!

पोटोबा

आकडेमोड, तुमच्या तोंडात साखर पडो.

आमची व्यथा ऐका. गुडघा दुखला, वजन. डोकं दुखलं, वजन. कानात दडा बसला तरी डॉक्टर आधी पोटाकडे बघतात. कोविडमध्ये तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एका गृहस्थाने "जाड लोकांनी विशेष काळजी घ्यावी" असं लिहून त्याखाली मला टॅग केलं होतं. मी आठवड्यात बरा झालो. तो गृहस्थ सळसळीत बारीक, रोज टेकडी चढणारा, आणि त्यालाच ऑक्सिजन लागला. आता तो मला टॅग करत नाही.

पर्वतीपायथा

पोटोबा :)

पण "सळसळीत बारीक" यावर मला बोलायचंय. पुण्यातलंच उदाहरण आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटी टिपणी लिहिली, सोबत दोघांचा शेजारी उभा राहून काढलेला फोटो. दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! बीएमआय सारखाच, आणि चरबी दुपटीहून जास्त. आपल्याकडची बरीच माणसं अशी वरून बारीक आणि आतून चरबीदार असतात, आणि ती चरबी नेमकी पोटात साठते.

म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे स्थूल असं धरतात, तर जागतिक आरोग्य संघटनेची स्थूलतेची रेघ ३० ला आहे. कंबर पुरुषांची ९० सेंमी आणि बायकांची ८० सेंमीच्या आत हवी. तेव्हा मुळामुठाताईंचे भाऊजी काटकुळे दिसतात खरे, पण त्यांच्या पोटावर टेप लावल्याशिवाय मी तरी त्यांना "सडपातळ" गटात टाकणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा

म्हंजे आमच्यावाले हातपाय काडीपैलवान अन् पोट माठ, हे शास्त्रात बसते तर! बायकोले दाखवतो हा प्रतिसाद.

केळफूल

फेरिटिनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मला तेव्हा ताप, खोकला, धाप सगळं होतं, वजनही भरपूर, आणि फेरिटिन आलं ६०. घरचे म्हणाले "नॉर्मल आहे, सौम्य असणार." मला वर्षानुवर्षांचा ॲनिमिया आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा, आणि दाह झाला की तो आकडा वाढतो. मुळात साठाच रिकामा असेल तर वाढून वाढून किती वाढणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया निघाला, आणि त्याच सर्वेक्षणात २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त होतं. म्हणजे माझ्यासारख्या, दोन्ही यादीत नाव असलेल्या बायका खूप असणार. वजन आकडा वर ओढतंय, ॲनिमिया खाली खेचतोय. फेरिटिनचे ५००-१००० चे सरसकट टप्पे आम्हाला कसे लावणार?

स्टेथो

केळफूल, फार महत्त्वाचं लिहिलंत. त्यात आणखी एक गाठ आहे. चरबीतून येणारं तेच आयएल-६ यकृताकडून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवून घेतं, आणि हेप्सिडिन आतड्यातून लोह शोषू देत नाही. म्हणजे जास्त वजन हे कधीकधी लोहाच्या कमतरतेचंही एक कारण असतं. पुरुषांमध्ये उलट चित्र. यकृतात चरबी असेल तर कोविडच्या आधीच फेरिटिन ३००-४०० असू शकतं. मुळामुठा, नवऱ्याची सोनोग्राफी कधी झाली आहे का?

डी-डायमर राहिला होता. गुठळी विरघळताना तिचे जे तुकडे रक्तात येतात ते डी-डायमर. चरबीची ऊती पीएआय-१ नावाचं प्रथिन सोडते आणि ते गुठळी विरघळू देत नाही. म्हणजे जास्त वजनाने गुठळ्यांचा धोका वाढतो, पण विरघळणंच मंद झालं तर तुकडे त्या प्रमाणात वाढतीलच असं नाही. वयानेही डी-डायमर वाढतो, गरोदरपणात वाढतो. म्हणून वजन आणि सीआरपी हे नातं बऱ्याच ठिकाणी दिसतं, तर वजन आणि डी-डायमर कुठे दिसतं, कुठे नाही. तुमच्या घरातले आकडे त्याला धरूनच आहेत. पण तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे आकडेमोड लिहिण्याआधी मीच लिहितो.

आकडेमोड

:) लिहिणारच होतो.

लेस्टरकर

इकडे इंग्लंडमध्ये मी तेव्हा वॉर्डात काम करत होते, म्हणून दोन शब्द.

रिकव्हरी नावाच्या, कोविडवरची औषधं तपासणाऱ्या मोठ्या चाचणीत टोसिलिझुमॅब कोणाला द्यायचं याची अट होती: ऑक्सिजन ९२ च्या खाली किंवा ऑक्सिजन लावलेला, आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून जास्त. हे औषध आयएल-६ चा दरवाजाच बंद करतं. २८ दिवसांत मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. आता गंमत बघा. औषधाची मात्रा वजनानुसार ठरायची, ९० किलोच्या वर असेल तर ८०० मिलिग्रॅम. पण ७५ ची रेघ सगळ्यांना एकच, वजन काहीही असो. त्यावर जेवणाच्या सुट्टीत आमच्यात वाद व्हायचे. माझं मत असं की स्टेथो म्हणतात तसा वजनाचा वाटा पाच-आठाचाच असेल, तर पंच्याहत्तरच्या रेघेला त्याने फारसा धक्का बसत नाही.

आणि हे औषध दिल्यावर सीआरपी धाडकन उतरतो, कारण तो बनवायचा निरोपच यकृताला पोचत नाही. त्यामुळे "सीआरपी ५ आला, पेशंट सुधारला" असं म्हणता येत नाही. तेव्हा श्वास मोजायचा, ऑक्सिजन किती लागतोय ते बघायचं.

आमचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन एप्रिल २०२० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात आयसीयूत जाऊन आले आणि मग स्वतःच कबूल केलं की आपण फार जाड होतो. त्यानंतर देशभर वजन कमी करायची मोहीम काढली. आमच्या वॉर्डातल्या बिस्किटांच्या डब्यावर मात्र तिचा परिणाम झाला नाही.

मंडईकर

बिस्किटं राहू द्या. इकडे लोक लसूण, कापूर, ओवा यांची पुरचुंडी हुंगत होते. आमच्या मेव्हण्यांनी काढा पिऊन पिऊन जीभ पोळून घेतली, आणि नंतर "चव गेली, कोविड असणार" म्हणून टेस्टला गेले. निगेटिव्ह!

अनुस्वार

अवांतर: या मार्करनी माणसं जास्त घाबरवली असं नाही वाटत का? आमच्या मजल्यावर ज्याचं ऑक्सिजन ९८ होतं तोही एक दिवसाआड पूर्ण पॅनेल करायचा. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितलंच होतं की सौम्य आजारात सीटी आणि या रक्तचाचण्या करत बसू नका, त्यातून नुसती घबराट वाढते. ऐकतो कोण? आकडा जरा वाढला की घरच्या घरी स्टेरॉइड सुरू.

स्टेथो

अनुस्वार, अवांतर नाहीच हे. डेक्सामेथासोन ऑक्सिजन लागलेल्यांचे प्राण वाचवतं, ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. तेही रिकव्हरीमधूनच, जून २०२० मध्येच कळलं होतं. नुसता सीआरपी बघून पहिल्या आठवड्यातच स्टेरॉइड घेतलेले, वजनदार आणि मधुमेह असलेले रुग्ण मी नागपुरात पाहिले. साखर ४०० वर, आणि पुढे त्यातल्या काहींना काळी बुरशी. एका आकड्याची भीती किती महागात पडते ते तिथं दिसलं.

पोटोबा

मग शेवटी आमच्यासारख्यांना धोका होता की नव्हता? एका वाक्यात सांगा.

आकडेमोड

होता. मार्करच्या अभ्यासांवर मी शंका घेतली, धोक्यावर नाही. २०२० मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा स्थूल व्यक्ती दाखल होण्याची शक्यता दुपटीहून जास्त आणि मृत्यूची साधारण ४८ टक्क्यांनी जास्त निघाली. फ्रान्समधल्या लील इथे आयसीयूतल्या १२४ रुग्णांमध्ये बीएमआय ३५ च्या वर असलेल्यांना व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता २५ च्या आतल्यांपेक्षा सातपट होती. इंग्लंडमधल्या ६९ लाख लोकांच्या नोंदींत तर २३ च्या पुढे बीएमआय जसा वाढतो तसा धोका वाढताना दिसला, आणि चाळिशीच्या आतल्यांमध्ये तो जास्त ठळक. हे एक वाक्य नाही झालं, माफी.

तुम्ही आठवड्यात बरे झालात याचा आनंद आहेच. टेकडीवाल्या गृहस्थांचं काय, ते याज्ञिकांच्या फोटोत बसत असतील.

पोटोबा

त्याची कंबर मोजायची जबाबदारी माझी.

मुळामुठा

स्टेथो, सोनोग्राफी गेल्या वर्षी झाली. यकृतात चरबी, ग्रेड दोन. तेव्हाच्या तपासणीत सीआरपी ४.८, फेरिटिन ३५०, आणि सर्दीसुद्धा नव्हती. म्हणजे नवऱ्याचा घरचा सीआरपी पाचच्या आसपास असं धरायचं का? आणि तेव्हाच्या ८४० मधले निदान साडेतीनशे आधीपासूनचे?

स्टेथो

अगदी वजाबाकी करू नका, कोविड होण्याआधी फेरिटिन किती होतं ते आपल्याकडे नाही. पण दिशा बरोबर आहे. फेरिटिनमध्ये वजनाचा आणि यकृताचा वाटा बराच असणार, सीआरपीमध्ये नगण्य. ९६ हा खरा आजार होता, आणि त्यातही दुसऱ्या आठवड्यातला. तुमच्या डॉक्टरांचं "वजन आहे ना" हे फेरिटिनला जास्त लागू होतं.

यापुढे असा प्रसंग आला तर एकच आकडा बघू नका. सीआरपी साधारण १९ तासांत निम्मा होतो, म्हणजे बनायचा थांबला की पटकन उतरतो. त्यामुळे एकाच लॅबमधले, एक-दोन दिवसांच्या अंतराचे दोन आकडे खूप काही सांगतात, मग वजन कितीही असो. आणि ४.८ वर मी नवऱ्याशी बोलेन. वजन उतरलं की तो आकडाही उतरतो, हे बऱ्याच रुग्णांत पाहिलं आहे.

लॅबोबा

आणि रिपोर्ट पाठवताना पूर्ण पानाचा फोटो पाठवा. एककाचा रकाना कापू नका, ही लॅबवाल्याची कळकळीची विनंती.

वऱ्हाडी_ठेचा

ते सारं ठीक हाये, पन कंबर मोजाची कुठं? पँट घालतो तिथं मोजली तर माही ८८ भरते. पास!

पर्वतीपायथा

तिथं नाही हो, ती पोटाच्या खाली घसरलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, यांच्या बरोबर मध्ये टेप धरायचा. श्वास सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता.

वऱ्हाडी_ठेचा

९९. टेप कोन्या लॅबचा हाये ते पायतो अन् सांगतो.